तिशीत पुन्हा कॉलेज: प्रवेश मिळतो, मग स्कॉलरशिप कुठे अडते?

ओडिशात २०२० साली एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने वयाच्या ६४व्या वर्षी नीट परीक्षा पास होऊन सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश घेतला. ती बातमी देशभर फिरली. अशी बातमी आली की तिच्याखाली 'शिकायला वय नसतं' अशा कॉमेंट्सचा पाऊस पडतो.

प्रवेशापुरतं हे वाक्य आता बऱ्यापैकी खरं झालंय. पैशांच्या बाबतीत मात्र तसं म्हणता येत नाही. बारावीनंतर लगेच लग्न झालेली बाई, घर चालवण्यासाठी कंपनीत लागलेला मुलगा, दहा वर्षं दुकानात काम केल्यावर पदवीचा विचार करणारा माणूस, अशा कुणालाही आज बहुतेक कोर्सना 'तुमचं वय झालं' असं सांगून परत पाठवता येत नाही. पण ही माणसं स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला बसतात, तेव्हा त्यातले रकाने भलत्याच कुणासाठी तरी आखलेले असतात. ते 'कुणीतरी' म्हणजे बारावी नुकतीच संपवलेला, आईवडिलांच्या घरी राहणारा, कमाई नसलेला, अठरा वर्षांचा विद्यार्थी.

वयाची अट कुठे गेली, कुठे राहिली?

सगळ्यात मोठा बदल मेडिकलमध्ये झाला. नीटसाठी खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीव प्रवर्गाला ३० अशी कमाल वयोमर्यादा होती. त्यावर कोर्टकचेरी बरीच झाली. शेवटी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती मर्यादाच काढून टाकली आणि मार्च २०२२ मध्ये तसं जाहीर झालं. आता फक्त किमान वय पाहिलं जातं, ते १७.

वकिलीचंही तसंच. बार कौन्सिलने पाच वर्षांच्या कोर्ससाठी २० आणि तीन वर्षांच्या कोर्ससाठी ३० वर्षांची मर्यादा २०१६ मध्ये पुन्हा लागू केली होती. मार्च २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीला आज वयाची कमाल अट नाही. चाळिशीतले सरकारी कर्मचारी, बँकवाले, निवृत्त पोलीस तीन वर्षांच्या एलएलबीच्या वर्गात बसलेले दिसतात, ते यामुळेच.

इंजिनिअरिंगमध्ये थोडी गंमत आहे. जेईई मेनला वयाची अट नाही, पण बारावी पास झालेलं वर्ष आणि त्यानंतरची दोन वर्षं एवढ्याच काळात ती देता येते. म्हणजे वय विचारत नाहीत, गॅप मोजतात. राज्याच्या एमएचटी-सीईटीला अशी अट नाही. शिवाय नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत डिप्लोमा आणि डिग्रीचे वर्ग घ्यायला एआयसीटीईने काही वर्षांपासून कॉलेजांना परवानगी दिली आहे.

आणि मुक्त विद्यापीठं तर आहेतच. दिल्लीचं इग्नू १९८५ चं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशात ४.१४ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि त्यातले ४५.७१ लाख दूरस्थ पद्धतीने शिकत होते. म्हणजे साधारण नऊ विद्यार्थ्यांमागे एक. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने पुन्हा एकदा स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य आहे. आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधली ऑनलाइन बीएस पदवीही वयाची अट न ठेवता, जेईईशिवाय मिळवता येते.

थोडक्यात, दार उघडं आहे.

स्कॉलरशिपला कोणता विद्यार्थी दिसतो?

आता पैशांकडे येऊ. केंद्राची इन्स्पायर स्कॉलरशिप विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ८०,००० रुपये देते. वयोगट १७ ते २२. तिशीतल्या बाईने बीएस्सीला प्रवेश घेतला, तर तिच्या मार्कांपर्यंत कुणी पोचतच नाही.

केंद्राचीच कॉलेज आणि विद्यापीठ विद्यार्थ्यांसाठीची योजना बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असणाऱ्यांना पदवीच्या काळात वर्षाला १२,००० रुपये देते. त्यात कोर्स नियमितच हवा, दूरस्थ किंवा पत्रव्यवहाराने शिकणारे बाद. नोकरी किंवा लहान मूल सांभाळत शिकणाऱ्याला दूरस्थ शिक्षण हाच अनेकदा एकमेव मार्ग असतो. म्हणजे जो मार्ग त्याला परवडतो, नेमक्या त्याच मार्गावर मदत नाही.

परदेशात जायचं असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ जणांना मिळते. तिथे पदव्युत्तर शिक्षणासाठी ३५ आणि पीएचडीसाठी ४० वर्षांची मर्यादा आहे. ही मर्यादा त्यातल्या त्यात उदार म्हणायची. नोकरीतली पाच-सात वर्षं धरून आखलेल्या योजना फार नाहीत, ही त्यातली एक.

आणखी एक नियम फारसा कुणाला माहीत नसतो आणि नेमका मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यालाच नडतो. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत एक टप्पा पूर्ण केल्यावर त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेणाऱ्याला शिष्यवृत्ती नाकारलेली आहे. बीए झाल्यावर बीकॉम केलं तर नाही, एका विषयात एमए झाल्यावर दुसऱ्यात केलं तर नाही. विशीत घरच्यांनी घातलं म्हणून बीए केलेलं, पस्तिशीत अकाउंट्सची नोकरी दिसतेय म्हणून बीकॉम करायचंय, असा माणूस इथे थांबतो. एका हुशार विद्यार्थ्याने सरकारी पैशावर पदव्यांचा संग्रह करू नये, हा नियमामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण पहिली पदवी स्वतःच्या खर्चाने घेतली होती की सरकारच्या, हा प्रश्नसुद्धा तिथे विचारला जात नाही.

बाईचं 'कुटुंब' कोणतं?

खरी गुंतागुंत इथे आहे. समजा, एका तालुक्याच्या गावातली ओबीसी प्रवर्गातली बाई. वय ३२, बारावी २०११ ची. लग्न झालंय, दोन मुलं शाळेत जातात. तिला बीएससी नर्सिंग करायचंय आणि सीईटीमधून नंबर लागण्याइतके मार्कही आहेत. तिला किती कागद आणि कुणाकुणाचे लागतील?

जातीचा दाखला माहेरचा. जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. व्यावसायिक कोर्सला राखीव जागा हवी असेल तर जात पडताळणी प्रमाणपत्रही लागतं आणि त्यासाठी माहेरचे जुने पुरावे शोधावे लागतात. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा महसुली नोंद. वडील हयात नसतील, भाऊ बोलत नसेल किंवा लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध झालं असेल, तर हे काम किती अवघड होतं ते वेगळं सांगायला नको. वडिलांची किंवा सख्ख्या भावाची पडताळणी आधीच झालेली असेल तर मात्र काम खूप सोपं होतं. म्हणून पहिला फोन माहेरी.

नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्रही माहेरच्या आधारावर. क्रिमी लेअर आईवडिलांच्या दर्जावरून ठरतो, नवऱ्याच्या उत्पन्नावरून नाही, असं केंद्राच्या कार्मिक विभागाने स्पष्ट केलेलं आहे. हे अनेक बायकांना माहीत नसतं आणि काही वेळा खिडकीपलीकडच्या माणसालाही नसतं. नवरा चांगल्या नोकरीत आहे म्हणून ओबीसी आरक्षण गेलं, असं समजून खुल्या प्रवर्गातून फॉर्म भरणाऱ्या बायका आहेत.

पण शिष्यवृत्तीच्या उत्पन्नाचा प्रश्न आला की गाडी सासरी येते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमावलीत वर्षानुवर्षे असलेली व्याख्या अशी: आईवडिलांचं उत्पन्न धरायचं आणि विद्यार्थिनी विवाहित असून कमावत नसेल तर नवऱ्याचं. घरातल्या बाकी कुणाचं धरायचं नाही, मग ते कमावते असले तरी. म्हणजे दीर आणि सासऱ्यांचा पगार मोजायचा नसतो. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या बाईच्या दाखल्यावर सगळ्या घराचं उत्पन्न एकत्र लिहून आलं तर तिने तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी.

एकाच प्रवेशासाठी एकच बाई एका कागदावर वडिलांची मुलगी असते आणि दुसऱ्या कागदावर नवऱ्याची बायको. स्वतःच्या नावावर उभी असलेली विद्यार्थिनी ती कुठल्याच कागदावर नाही.

घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा आदेश दाखवता येतो, नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला. पण नवऱ्यापासून वेगळी राहणारी आणि कायद्याने न सुटलेली बाई कोणत्या रकान्यात बसते? कागदावर नवऱ्याचं उत्पन्न आहे, हातात त्यातला एक रुपयाही नाही. मदतीची गरज सगळ्यात जास्त हिला असते आणि पुरावा जमवणं सगळ्यात कठीण हिलाच.

मुलींसाठी राज्याने एक मोठं पाऊल उचललं, त्याची नोंद इथे हवीच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्याआधी ही सवलत ५० टक्के होती. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. वरच्या उदाहरणातल्या बाईसाठी सगळ्यात मोठा आधार बहुधा हाच ठरेल. मात्र 'मुलींना मोफत शिक्षण' असं वाचून साध्या बीए-बीकॉमला किंवा थेट कॉलेजात पैसे भरून प्रवेश घेतला, तर ही सवलत हातातून जाते.

कमावणारा विद्यार्थी

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा वर्षाला अडीच लाख आहे आणि ती दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच आहे. महिन्याला २०,८३३ रुपये. एमआयडीसीत काम करणारा तरुण आणि त्याची शिवणकाम करणारी बायको मिळून ही मर्यादा सहज ओलांडतात. अठरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत उत्पन्न म्हणजे वडिलांचं. तिशीतल्या माणसाच्या बाबतीत ते त्याचं स्वतःचं असतं आणि शिकण्यासाठी नोकरी सोडली की तेच बंद होणार असतं. दाखला मात्र सरलेल्या वर्षाचा असतो. गेल्या वर्षी कमावलं म्हणून यंदा शिष्यवृत्ती नाही आणि यंदा शिकतोय म्हणून कमाई नाही, अशी ही कोंडी आहे.

नोकरी करत शिकणाऱ्यांना नियमावलीत अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. स्वतःचं आणि पालकांचं मिळून उत्पन्न मर्यादेत असेल तर सक्तीची फी परत मिळू शकते, दरमहाचा निर्वाह भत्ता नाही, अशी तरतूद त्यात होती. मर्यादेच्या वर गेलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची फ्रीशिप योजना आहे. तिच्यातून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं. अडीच लाखांचा आकडा पाहून अनेकजण फॉर्मच भरत नाहीत आणि फ्रीशिपही हातची जाते.

महाराष्ट्रात कमावणाऱ्याला शिकवण्याची कल्पना काही नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' सगळ्यांना माहीत आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना ऑफिस गाठता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले होते. विद्यार्थ्याच्या दिवसाकडे पाहून तिथे वेळापत्रक ठरलं. आजच्या योजनांमध्ये नेमकी हीच नजर हरवलेली दिसते.

अमेरिकेत याच विद्यार्थ्याचं काय होतं?

तिथे अशा विद्यार्थ्यांना 'नॉन-ट्रॅडिशनल' म्हणतात आणि हा शब्द नुसता कौतुकाचा नाही. त्यांच्या शिक्षण आकडेवारी केंद्राने त्याची लक्षणं ठरवून दिली आहेत: उशिरा प्रवेश, अर्धवेळ शिक्षण, पूर्णवेळ नोकरी, पदरात मूल, एकल पालक असणं वगैरे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फेडरल मदतीच्या फॉर्ममध्ये २४ वर्षांवरचा, विवाहित किंवा मूल सांभाळणारा विद्यार्थी 'स्वतंत्र' धरला जातो. त्याच्या आईवडिलांचं उत्पन्न विचारतच नाहीत. अर्धवेळ शिकणाऱ्यालाही पेल ग्रँट मिळते, फक्त त्या प्रमाणात कमी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षणात खंड पडलेल्यांसाठी पदवीचं एक वेगळं कॉलेजच आहे.

तिकडे सगळं छान आहे असा याचा अर्थ नाही. नवराबायकोचं उत्पन्न तिथेही मोजतात आणि फीचे आकडे छाती दडपवणारे असतात. पण 'हा विद्यार्थी वेगळा आहे' हे तिथे व्याख्येत लिहिलंय. आपल्याकडे तशी व्याख्या नसल्यामुळे प्रत्येक योजना आपापला अंदाज बांधते.

नवं धोरण एक म्हणतं, फॉर्म दुसरं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षण मध्येच सोडून परत येण्याची मुभा दिली. एका वर्षानंतर बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परतू शकतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करू शकतो. मिळवलेले क्रेडिट अॅकॅडमिक बँकेत जमा राहतात. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तर कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देण्याची तरतूद आहे. बाळंतपण, आजारपण, शेतीचं वाईट वर्ष यामुळे शिक्षण सुटलेल्यांसाठी हे खरोखर चांगलं आहे.

पण राज्याच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची अट पाहा. कोर्स चालू असताना दोन किंवा अधिक वर्षांचा खंड पडलेला नसावा. एक सरकारी कागद तीन वर्षांनी या म्हणतो, दुसरा दोन वर्षांनंतर पैसे मिळणार नाहीत म्हणतो. एखादी विद्यार्थिनी बाळंतपणासाठी थांबली आणि अडीच वर्षांनी परत आली तर तिची जागा शाबूत, शिष्यवृत्ती गेलेली. याच योजनेत एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. दोन धाकट्या भावंडांनी आधीच लाभ घेतलेला असेल तर उशिरा शिकायला निघालेल्या थोरल्या बहिणीला काही उरत नाही. धाकट्यांच्या शिक्षणासाठी जी थांबली, तिच्यावरच ही वेळ येते.

ही अट वाचताना एक चूक सर्रास होते, तेवढी टाळावी. इथे मोजला जाणारा खंड कोर्सच्या आतला आहे. बारावी आणि प्रवेश यांच्यामधला नाही. 'माझा आठ वर्षांचा गॅप आहे, म्हणजे मी बाद' असं समजून फॉर्म न भरणारे पुष्कळ आहेत.

अर्ज करण्याआधी

क्रम उलटा धरणं फायद्याचं. बहुतेकजण आधी कोर्स निवडतात, मग प्रवेश घेतात आणि फी भरल्यावर स्कॉलरशिप शोधतात. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याने आधी योजनेच्या अटी वाचाव्यात, कारण नियमित की दूरस्थ, केंद्रीय प्रक्रिया की थेट प्रवेश, पहिली पदवी की दुसरी, यावरच पैशांचं गणित ठरतं. दूरस्थ प्रवेश घेणार असाल तर तो कोर्स यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या यादीत आहे का ते पाहा. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, कायदा, शेती यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने देता येत नाहीत. कुणी एजंट 'घरबसल्या बीएससी नर्सिंग' देत असेल तर तिथून उठलेलं बरं.

बारावीच झालेली नसेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय हे दोन सरळ रस्ते आहेत.

गॅपसाठी बहुतेक कॉलेजं प्रतिज्ञापत्र मागतात. त्यात कारण थोडक्यात आणि खरं लिहावं: घरची जबाबदारी, नोकरी, आजारपण. या काळात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता, हे कॉलेजला मुख्यतः हवं असतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मार्कशीट, आधार आणि बँक खातं यांवरची नावं जुळतात का ते महिनाभर आधी तपासा. राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखल्याची प्रत जवळ असू द्या. नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे सीईटीच्या हंगामाच्या तोंडावर सेतू केंद्रात गर्दी होते.

शेवटची अडचण फक्त मोठ्यांची आहे. अठरा वर्षांच्या मुलाचं एकच बँक खातं असतं. तिशीतल्या माणसाची तीन-चार असतात: जुन्या कंपनीचं सॅलरी अकाउंट, जनधन, नवऱ्याबरोबरचं जॉइंट, बचत गटासाठी काढलेलं. महाडीबीटीची रक्कम आधारला सर्वात शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, ते बंद पडलेलं असलं तर अडकते. कोणतं खातं जोडलेलं आहे ते आधारच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत दिसतं, आणि बदलायचं असेल तर बँकेत जाऊन फॉर्म देता येतो. हे काम फी भरण्याच्या आदल्या दिवशी होत नाही.